मृगाच्या आत परत

पहाटे ५:३०

मार्च अर्धा सरला तरी हिंडलग्यात पहाटे अंगावर शाल लागते. वेंगुर्ला रस्त्यानं चंदगडकडचं दूध आणि भाजी बेळगावकडं निघालेली असते. चहाला उकळी येईपर्यंत मी फोन उघडते. केनियाचं घड्याळ आपल्या अडीच तास मागं, म्हणजे मसाई मारात आता रात्रीचे तीन. आमच्या गाईडनं झोपण्यापूर्वी निरोप टाकलेला असतो. आजच्या निरोपात दोनच ओळी आहेत: तालेक नदीला काल संध्याकाळी पाणी आलं, खालची वाट बंद.

मी ते वहीत लिहून ठेवते. तिकडं पाऊस दोनदा येतो. मोठा मार्च ते मे, लहान नोव्हेंबर-डिसेंबरात. आपली उन्हाळ्याची सुट्टी नेमकी त्या मोठ्या पावसात सापडते, आणि ज्यांच्या सफरी मी आखते त्या आमच्या भागातल्या घरांना सुट्टीशिवाय बाहेर पडता येत नाही. माराच्या बऱ्याच भागात जमीन काळी आहे, आपल्या निपाणीकडच्या रानासारखीच. भिजली की गाडीचं चाक धरून ठेवते. म्हणून एप्रिलमध्ये कितीतरी तंबूंचे कॅम्प बंदच असतात. मे सरताना पाऊस ओसरतो, गवत कमरेएवढं झालेलं असतं, गाड्यांची गर्दी नसते. मेच्या त्या शेवटच्या आठवड्यावर माझं सध्या सगळं लक्ष आहे. मारातला पाऊस मार्चपासून कसा पडत गेला हे कळलं, तर मेअखेरीला कुठल्या वाटा उघड्या असतील याचा अंदाज बांधता येतो.

सकाळी ७:००

सध्या ज्यांच्या सफरीचं काम चालू आहे ती आठ माणसं एकाच घरातली. आई चंदगड तालुक्यात थोरल्या मुलाकडं राहतात. थोरला शेतकरी, भात, ऊस आणि थोडे काजू. धाकटा बेळगावात नोकरीला, घर इथं हिंडलग्यातच. बहीण निपाणीत दिलेली, तिच्या सासरी तंबाखू. दोघी सुना, धाकट्याचा सातवीतला मुलगा आणि बहिणीची कॉलेजातली मुलगी. बहिणीच्या नवऱ्याला तंबाखूच्या व्यवहारातून उठता येणार नाही, म्हणून तो येत नाही.

घर एक, पण राज्यं दोन आणि पंचांगं तीन. नातवाची शाळा कर्नाटकातली, ती मे संपता संपता उघडते. भाची कोल्हापुरात शिकते, तिची परीक्षा मेच्या मध्यापर्यंत चालणार आणि कॉलेज पुढं कधीतरी जूनमध्ये. थोरल्याचं पंचांग नक्षत्रांचं. रोहिणी निघाल्या की तो धूळवाफेवर भात पेरतो. "दोन दिवसांत पेरणी उरकतो बघा. मग न्या कुठं न्यायचं तिकडं. पण मृगाच्या आत परत आणा," असं त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलंय. रोहिणी २५ मेच्या सुमाराला लागतात आणि मृग ७-८ जूनला. या दोन नक्षत्रांमधे जे दिवस सापडतात त्यांत आफ्रिका बसवायची आहे.

ऑक्टोबर का नाही, असं धाकट्यानं विचारलं होतं. प्रश्न बरोबर होता. कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी असते, आणि जुलै ते ऑक्टोबर हा मारात लाखोंनी वाइल्डबीस्ट असण्याचा काळ. पण तेव्हा भाचीच्या कॉलेजला सुट्टी नाही, तिला दिवाळीची वाट बघावी लागते. थोरल्याचं भात कापणीला आलेलं. आणि मसाई मारा राखीव क्षेत्रात परदेशी प्रौढ माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर प्रवेशशुल्क पडतं, ते १ जुलैपासून डिसेंबरअखेरपर्यंत २०० डॉलर होतं. तिकीट १२ तासांचं, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. आठ माणसांच्या घरात हा फरक एका दिवसालाच केवढा होतो ते धाकट्यानं माझ्यासमोर मोबाइलवर करून पाहिलं.

तेव्हा २८ मेला मुंबई सोडायची आणि ५ जूनच्या आत घरी. नातवाचे शाळेचे पहिले काही दिवस बुडतील. त्याच्या वर्गशिक्षिकेला आधी सांगून ठेवायला मी सांगितलंय. नदी ओलांडणारे वाइल्डबीस्ट या दिवसांत दिसणार नाहीत, हेही त्या मुलाला मीच सांगणार आहे. मोबाइलवर त्यानं तेवढंच पाहिलेलं आहे. आईबापांनी ही गोष्ट त्याच्यापासून लपवून त्याला विमानात बसवलं, तर तिथं समोर सिंहांचं कुटुंब लोळत असलं तरी पोर नदीचंच विचारत बसेल. सिंह, हत्ती, जिराफ, तरस, टोपी हरणं ही सगळी मारात बारा महिने असतात.

सकाळी ९:००

कागदपत्रं. केनियानं जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवासपरवाना सुरू केला. तो निघण्यापूर्वी काढायचा, आणि त्यावरची माहिती पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळायला हवी. हे वाक्य मी आमच्या भागात फार सावकाश सांगते. इथल्या माणसाचं नाव शाळेच्या दाखल्यावर मराठीत, आधारावर कन्नडात, आणि दोन्हींवरून इंग्रजीत उतरलेलं असतं. कुठं आडनाव आधी, कुठं बापाचं नाव शेवटी. याच घरात आईंच्या आणि थोरल्याच्या आडनावात एका अक्षराचा फरक आहे. पासपोर्ट वैध असेल तर त्यात काही वावगं नाही, पण विमानाचं तिकीट काढणाऱ्यानं "एकाच घरातली माणसं" म्हणून एकच आडनाव आठ वेळा उतरवलं की विमानतळावर खोळंबा ठरलेला. मी आठही पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर बोटानं वाचते, मोठ्यानं. मुदत परतीच्या तारखेपुढं सहा महिने आहे ना, पानं कोरी आहेत ना, तेही बघते. सुनांपैकी एकीचा पासपोर्ट ऑक्टोबरात संपतोय. तिला आजच्या आज बेळगावच्या हेड पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची वेळ घ्यायला लावते.

सकाळी ११:००

आता नैरोबीत साडेआठ. ज्या लोकांबरोबर मी काम करते त्यांचं ऑफिस उघडतं, आणि दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम सुरू होतं. ते काम म्हणजे यादीतून गोष्टी काढून टाकणं.

धाकट्यानं माझ्याकडं येताना कुठलं तरी छापील पत्रक आणलं होतं. सहा रात्री: अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मसाई मारा. चार नावं, प्रत्येकापुढं प्राण्याचं चित्र. मी त्याला नकाशावर गाडीचे तास लिहून दाखवले. नैरोबीहून अंबोसेली चार-साडेचार तास. अंबोसेलीहून नैवाशा सहा तास तरी, कारण परत नैरोबीला वळसा घालावा लागतो. तिथून मारा पाच तास, माराहून नैरोबी पुन्हा पाच-सहा. एवढं अंतर कापताना प्राणी बघायचे कधी? ते दिसतात पहाटे सहा ते नऊ-दहा आणि दुपारी चारनंतर अंधार पडेपर्यंत. मधल्या उन्हात सिंहसुद्धा झुडपाखाली पडलेला. रोज मुक्काम हलवला की पहाटेची वेळ सामान बांधण्यात जाते आणि संध्याकाळची हॉटेल शोधण्यात. चार उद्यानांचं तिकीट फाडून माणूस रस्ताच बघून येतो. माझं यावर पक्कं मत आहे: सफर जितकी छोटी, तितके मुक्काम कमी. आठवडाभरच मिळणार असेल तर एकच रान, आणि त्या रानात चार रात्री.

अंबोसेली काढताना मात्र जिवावर येतं. ३९२ चौरस किलोमीटरचं ते लहानसं उद्यान, मागं ५,८९५ मीटर उंच किलिमांजारो आणि पुढ्यात दलदलीत उतरलेले हत्तींचे कळप. सिंथिया मॉस यांनी १९७२ पासून तिथल्या हत्तींचा अभ्यास चालवला. कोण कुणाची आई, कोण कुणाची मावशी, हे पिढ्यान् पिढ्यांचं तिथं नोंदलेलं आहे. थोरल्यानं ते बघायला हवं असं मला फार वाटतं. पण आईंना एका सफरीत दोन्ही झेपणार नाही. हत्ती मारातही आहेत.

मग कॅम्पशी बोलणं. माराच्या मुख्य राखीव क्षेत्राला लागून मसाई लोकांच्या खासगी जमिनी एकत्र करून केलेली राखीव रानं आहेत. तिकडं त्यांना कन्झर्व्हन्सी म्हणतात. त्यातल्या एका रानातला कॅम्प मी धरून ठेवलाय. तिथं गाड्या मोजक्याच सोडतात, वाट सोडून रानात उतरता येतं, रात्रीही गाडी नेता येते. राखीव क्षेत्रात यातलं काहीच चालत नाही. चारही रात्री तिथं, आणि एकच संपूर्ण दिवस राखीव क्षेत्रात, म्हणजे ते १०० डॉलर एकदाच.

माझे प्रश्न कॅम्पच्या बाईंना आता पाठ झालेत. जेवणाच्या तंबूपासून सगळ्यात जवळचा तंबू कुठला? पायऱ्या किती, कठडा आहे का? रात्री कॅम्पला कुंपण नसतं, तेव्हा तंबूतून बाहेर पडायचं तर पहारेकऱ्याला कसं बोलवायचं: शिट्टी, टॉर्च की वॉकी-टॉकी? गरम पाणी पहाटे पाचला मिळेल का? गाडीची पहिली पायरी जमिनीपासून किती वर? आईंचे दोन्ही गुडघे दुखतात. लँड क्रूझरला ती पायरी उंच असते, म्हणून लाकडी चौरंग गाडीत ठेवायला सांगते. जेवणाची काळजी कमी. चपाती केनियात घरोघर रुजलेली आहे, उसळीसारखं कडधान्य रोजचं असतं, पालेभाजी असते. आईंच्या एकादशीची तारीख तेवढी कळवते.

गाड्या दोन घ्यायच्या. एका गाडीत सातजणांना बसवतात, आठवा कसाबसा मावतो, तसं केलं तर खर्च बराच वाचतो. पण मधे बसलेल्याला खिडकी मिळत नाही, आणि आईंना दोन तासांनी परतावंसं वाटलं तर सगळ्यांनाच परतावं लागतं. दोन गाड्या असल्या की एक मागं फिरू शकते. इथं मी पैसे वाचवू देत नाही. त्याऐवजी गरम हवेच्या फुग्यातली फेरी काढली. एका माणसाच्या त्या फेरीच्या पैशात दुसऱ्या गाडीचा मोठा वाटा निघतो.

दुपारी १:३०

भाकरी, झुणका, ताक. फोन उपडा ठेवून जेवते.

दुपारी ३:००

थोरला बेळगावात काजूच्या कामाला आला होता, परत जाताना वाटेत थांबला. पाणी प्यायला, खुर्चीत टेकला, आणि मनातलं एकदम बोलला.

"ताई, एक विचारू? तिथं हत्ती लोकांच्या रानात शिरत न्हाईत काय?"

हा प्रश्न त्याच्या तोंडून आला याला कारण आहे. दांडेलीकडच्या जंगलातले हत्ती खानापूर ओलांडून या बाजूला सरकू लागले त्याला वीसेक वर्षं झाली. २००२ च्या सुमाराला ते दोडामार्गात उतरले, पुढं चंदगड आणि आजऱ्यात टस्कर लोकांच्या रोजच्या बोलण्यात आला. थोरल्याचा ऊस दोनदा लोळवलाय, केळी मोडल्यात, घराशेजारचा माड पाडलाय. पंचनामा झाला, भरपाई आली तेव्हा दुसरं पीक उभं होतं. ज्या जनावरानं एका रात्रीत वर्षाचं पीक तुडवलं ते बघायला पैसे मोजून परदेशी जायचं, हे त्याच्या गळी उतरत नव्हतं. आईसाठी म्हणून तो तयार झाला होता.

मी त्याला खरं तेच सांगितलं. शिरतात. हत्ती मक्यात शिरतात, सिंह रात्री गोठ्यातली गाय ओढतो. मसाई माणसाचं सगळं धन गुरांत, त्यामुळं तोही भाला घेऊन किंवा विष घालून सिंह मारत आलाय. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या रिचर्ड तुरेरे नावाच्या मसाई पोरानं गोठ्याभोवती लुकलुकणारे दिवे बसवले, कुणीतरी टॉर्च घेऊन फिरतंय असं सिंहाला वाटावं म्हणून. सौर पॅनेल, जुनी बॅटरी आणि मोटारसायकलचा इंडिकेटर एवढ्यावर त्यानं ते जमवलं. गुरांवरचे हल्ले थांबले, दिवे दुसऱ्या गावांनी उचलले, आणि २०१३ मध्ये त्या मुलाला व्यासपीठावर बोलायला थेट अमेरिकेत नेलं. थोरला हे ऐकताना पुढं सरकून बसला. मोटारसायकलचा इंडिकेटर त्याला समजला.

मग मी कन्झर्व्हन्सीचं सांगितलं. मसाई घरांना जमिनीचे तुकडे नावावर मिळाल्यावर त्यांनी कुंपणं घालून विकायला सुरुवात केली असती तर रान संपलं असतं. त्याऐवजी शेजाऱ्याशेजाऱ्यांनी तुकडे एकत्र केले आणि कॅम्पवाल्यांना भाडेपट्ट्यानं दिले. ओल किन्येई २००५ मध्ये झाली, नाबोइशो २०१० मध्ये. भाडं जमीनमालकाच्या नावानं जातं, पाहुणे आले नाहीत तरी ठरलेलं द्यायचं असतं. गुरं चारायची पाळी ठरलेली असते. सगळं सुरळीत आहे असं नाही. करोनाच्या वर्षी पाहुणे थांबले तेव्हा भाडं द्यायला कॅम्पवाल्यांची दमछाक झाली. चराईवरून कुरबुरी चालतात. पण हत्ती उभा असलेल्या जमिनीचे पैसे त्या जमिनीच्या धन्याला मिळावेत, ही व्यवस्था तिथं उभी आहे.

"भाडं थेट खात्यात येतंय काय? का मधी कुणी हाय?"

मी म्हटलं, "हे तुम्ही तिथल्या माणसालाच विचारा की."

"भेटंल काय असा कोण?"

तो गेल्यावर मी आराखड्यातली तिसऱ्या दिवसाची दुपारची फेरी खोडली. त्या जागी लिहिलं: कन्झर्व्हन्सीला जमीन दिलेल्या मसाई शेजाऱ्याच्या गोठ्यावर दोन तास, नाच-गाण्याचा कार्यक्रम नको, मण्यांची विक्री नको, दुभाषा गाईड. आजच्या दिवसात मी केलेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे असं मला वाटतं. हत्तीनं पीक तुडवलेला माणूस आणि सिंहानं गाय नेलेला माणूस समोरासमोर बसले, की काय बोलतील ते मला आराखड्यात लिहिता येणार नाही. दोन तास मात्र राखून ठेवता येतात.

संध्याकाळी ५:००

लस. सगळ्या सफरीची गाठ इथं आहे. केनिया पीतज्वराच्या देशांच्या यादीत येतो. तिथून परतणाऱ्याकडं पीतज्वराच्या लशीचा दाखला नसेल तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं नेमलेल्या केंद्रांवरच. आमच्याकडची माणसं सोयीनुसार गोव्याला, मुंबईला किंवा बंगळूरला जातात.

सातजणांचं सोपं आहे. आई सत्तरीच्या पुढच्या. साठीनंतर ही लस देताना डॉक्टर फार जपून निर्णय घेतात, कारण क्वचित होणारा गंभीर त्रास त्या वयात जास्त आढळलाय. हे मी त्यांच्या मुलांना पहिल्या दिवशी सांगितलं, आज पुन्हा सांगते, या वेळी फोनवर तिघांना एकत्र घेऊन. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जुने रिपोर्ट, चालू औषधं सगळं बघून सोमवारी बोलावलंय. हिवतापाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारायचं. डॉक्टर नको म्हणाले तर?

"तर आम्ही पण न्हाई जात," बहीण निपाणीहून म्हणाली.

धाकटा गप्प होता. मी एवढंच म्हटलं की कॅम्पला मंगळवारपर्यंत थांबायला सांगितलंय, तोवर आगाऊ रक्कम भरायची नाही. तिकिटांनाही हात लावायचा नाही. सोमवार येण्याआधी या घराकडून एक रुपयाही मी तिकडं पाठवणार नाही.

संध्याकाळी ७:३०

धाकट्याच्या घरी बैठक. आई कालच चंदगडहून आल्यात. समोर कांदेपोहे आणि कुंद्याची बशी.

त्यांना आफ्रिका का बघायची आहे हे मला आज कळलं. त्यांचे सासरे मराठा पलटणीत होते. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर इटालियनांशी लढली, त्यात ते होते. नवी सून म्हणून आई घरात आल्या तेव्हा सासरे ओसरीवर बसून तिकडचं सांगायचे: उघडे डोंगर, पाण्याचा थेंब नाही, वर चढताना वरून मारा. "आफ्रिकेत माती तांबडी असते म्हणायचे. आपल्या चंदगडागत. ती बघायची हाय मला." केरेन केनियापासून फार लांब, हे त्यांना मुलांनी सांगितलंय. चालेल म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की नैरोबीची माती तांबडीच आहे, विमानतळाबाहेर पडल्यावर रस्त्याच्या कडेलाच दिसेल. नैरोबीतला पहिला दिवस मी विश्रांतीसाठी मोकळा ठेवला होता, तो मोकळाच राहील.

सामानाचं बोलायला लागल्यावर बैठकीला रंग चढला. जाताना नारोकवरून गाडीनं जायचं, वाटेत रिफ्ट व्हॅलीचा कडा बघत. आता सेकेनानी फाटकापर्यंत डांबरी रस्ता झालाय. परतताना माराच्या धावपट्टीवरून लहान विमानानं पाऊण तासात नैरोबीचा विल्सन विमानतळ, म्हणजे शेवटची पहाटही रानात मिळते. पण त्या विमानात माणशी १५ किलो, तेही मऊ बॅगेत, हातातलं धरून. चाकाची कडक बॅग चालत नाही. दोघी सुनांनी एकमेकींकडं पाहिलं.

प्लॅस्टिक. केनियानं २०१७ च्या ऑगस्टमध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली, २०२० च्या जूनपासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायचं प्लॅस्टिकही चालत नाही. म्हणजे चकली, भाजणीचं पीठ, मेतकूट सगळं डब्यात किंवा कापडी पिशवीत. गाईडसाठी कुंदा न्यायचा हे आईंनीच ठरवलं. तो पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, चेक-इनच्या सामानात. पाण्याची स्टीलची बाटली प्रत्येकाची स्वतःची.

कपड्यांवरून गैरसमज फार असतात. आफ्रिका म्हणजे ऊन, असं धरून लोक स्वेटर घरी ठेवतात. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे. जूनच्या पहाटे उघड्या गाडीत दात वाजतात. स्वेटर, कानटोपी, आईंना शाल. रंग मातकट, कारण गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडं त्सेत्से माशी ओढली जाते. आणि फौजी छपाईचे कपडे अजिबात नाहीत. केनियात नागरिकानं ते घालायचे नाहीत. बेळगावात हे मुद्दाम सांगावं लागतं. इथं तशी पँट घराघरात सापडते, नातवानंही तीच घालून बैठक चालवली होती.

मग त्याला मी नदीचं सांगितलं. नदी ओलांडणारे वाइल्डबीस्ट नसतील हे ऐकून त्याचं तोंड उतरलं. थोड्या वेळानं म्हणाला, "मग चित्ता?"

चित्ता दिसण्याची बऱ्यापैकी आशा आहे, कारण तो दिवसा शिकार करतो आणि माराची मोकळी मैदानं त्याला मानवतात. फक्त मेअखेरीच्या उंच गवतात तो बसला की शोधायला डोळा लागतो. भाची कोल्हापुरात राहते, तिनं एक गोष्ट पुढं आणली. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. इथले चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणवत, आणि त्यांना वागवणारे चित्तेवान कोल्हापुरात होते. ही गोष्ट खरी आहे; कोल्हापूर आणि भावनगर ही त्यातली नामांकित संस्थानं. बोटीतून आणून, डोळ्यांवर टोपी चढवून, गाडीवर बसवून तो चित्ता याच मुलखातल्या माळावर सोडत. आता कुनो राष्ट्रीय उद्यानातही २०२२ पासून आफ्रिकेचेच चित्ते आणलेत. पोराला हे सगळं नवीन होतं. त्यानं विचारलं, संस्थानांतल्या त्या चित्त्यांना परत नेलं का. कुणाजवळ उत्तर नव्हतं.

उठताना मी एक मागणी केली. निघण्याआधी एका रविवारी सगळ्यांनी काळी व्याघ्र प्रकल्पात, दांडेलीजवळ, सकाळच्या फेरीला बसून यायचं. वाघ दिसला नाही तरी चालेल. पहाटे उठून, दोन-तीन तास न बोलता, फोन खिशात ठेवून गाडीत बसणं जमतंय का ते इथं कळतं. गाईडनं हात वर केला की आवाज बंद, उभं राहायचं नाही, पाय बाहेर काढायचा नाही. आईंना किती वेळ बसवतं तेही इथंच कळेल. शंभरएक किलोमीटरवर जी गोष्ट विचारून घेता येते ती चार-पाच हजार किलोमीटरवर जाऊन का विचारायची?

रात्री ९:००

मारात साडेसहा. सहाला राखीव क्षेत्राची फाटकं बंद होतात, गाईड गाडी धुऊन मोकळा होतो, आणि त्याच्याशी निवांत बोलता येतं. त्याच्याकडं केनियाच्या गाईड संघटनेचं रौप्य पदक आहे. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा परीक्षा असतात, लेखी आणि तोंडी दोन्ही. मी पदकाशिवाय गाईड घेत नाही. चांगल्या गाईडची खूण माझ्या लेखी अशी, की तो बिबट्याच्या झाडाखाली पाच गाड्या आधीच उभ्या असतील तर सहावी लावत नाही, लांब थांबतो, आणि पाहुण्यांना का थांबलो ते सांगतो.

आज त्याला माझं सांगणं होतं ते तिसऱ्या दिवसाच्या दुपारबद्दल. तो लगेच हो म्हणाला. त्याच्या ओळखीचा एक जमीनमालक आहे, गेल्या पावसात त्याच्या दोन गाई तरसांनी नेल्या. संध्याकाळी गुरं परतायच्या वेळेला जाऊ म्हणाला, तेव्हा माणूस घरी असतो आणि गोठा चालू असलेला दिसतो. भेट म्हणून काय न्यावं असं विचारलं, तर चहापत्ती आणि साखर.

मग त्यानं माझ्याकडून हवं ते विचारून घेतलं. आजींना मोटार लागते का? कानाला कमी ऐकू येतं का, म्हणजे त्यांना पुढं आपल्या शेजारी बसवावं की मधल्या रांगेत? थोरल्या भावाला इंग्रजी येतं का? आलं नाही तर गोठ्यावर भाची दुभाषी होईल का? आणि हत्तीबद्दल: टस्करानं पीक खाल्लेला माणूस हत्तीच्या किती जवळ जायला तयार होईल? गाडी आपण साठ-सत्तर मीटरवर थांबवू, मग त्यालाच विचारू, असं तो म्हणाला.

फोन ठेवून मी कॅम्पला पाठवायचा कागद पुरा केला. दोन गाड्या, चार तंबू, आईंचा आणि बहिणीचा तंबू जेवणाच्या जागेजवळ. लाकडी चौरंग. पहाटे पाचला गरम पाणी. तिसऱ्या दिवशी दुपारी फेरी नाही, गोठा. एकादशीला साबुदाणा आम्ही आणू, दाणे आणि बटाटे तुमचे. खाली लिहिलं: पक्कं मंगळवारी, डॉक्टरांना भेटल्यावर.